निल्ग्युनचं जर्मन कच्चं आहे

विटकोप बाई : ...तर थोडक्यात, निल्ग्युनचं जर्मन गिम्नॅझियमला पुरणार नाही. सांग बाबांना.

(न्यूरेनबर्गमधला चौथीचा रिकामा वर्ग. पाचवीत कोण गिम्नॅझियमला, म्हणजे पुढं विद्यापीठात नेणाऱ्या शाळेत जाणार आणि कोण सोप्या शाळेत, हे आज बाई सांगतात. बाईंना तुर्की येत नाही, रिफतला जर्मन. मधल्या खुर्चीत दोघांची दुभाषी, त्याची दहा वर्षांची लेक निल्ग्युन.)

निल्ग्युन : बाबा, माझं जर्मन कच्चं आहे म्हणतात. मोठ्या शाळेत चालायचं नाही.

रिफत : कुठल्या भाषेत म्हणाली?

निल्ग्युन : जर्मनमध्ये.

रिफत : आणि तुला कळलं?

निल्ग्युन : सगळं.

रिफत : मग विचार की तिला, कसं काय कळलं!

निल्ग्युन : बाई, या निर्णयामागचा निकष कृपया स्पष्ट कराल का, असं बाबा विचारतात.

विटकोप बाई : अगं, मार्क छानच आहेत. पण घरून आधार नको का? अभ्यास कोण घेणार? त्यापेक्षा सोपी शाळा बरी. हाताचं काम शिकेल, केस कापायचं वगैरे.

निल्ग्युन : मार्क चांगलेत, पण तुम्ही अडाणी आहात. म्हणून मी केस कापायचे.

रिफत : वरच्या मजल्यावरच्या योनासला किती मार्क?

निल्ग्युन : माझ्याइतकेच.

रिफत : तो कुठं चाललाय?

निल्ग्युन : गिम्नॅझियमला.

रिफत : त्याचा अभ्यास कोण घेतं?

निल्ग्युन : मी.

रिफत : हिच्यायला! अठरा वर्षं यांची गटारं उपसली, ती काय माझ्या पोरीनं यांच्या झिपऱ्या कापाव्यात म्हणून? सांग तिला! शब्द न् शब्द सांग!

निल्ग्युन : बाबा तीव्र नापसंती नोंदवू इच्छितात.

विटकोप बाई : एवढंच? बराच वेळ बोलत होते.

निल्ग्युन : तुर्की वाक्यं लांब असतात.

विटकोप बाई : बरं, इथं सही करायला सांग.

रिफत : काय लिहिलंय?

निल्ग्युन : की तुम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं.

रिफत : कुणी?

निल्ग्युन : मी.

रिफत : मग तूच कर सही. मी करत नाही, जा!

निल्ग्युन : बाई, ते सही करणार नाहीत.

विटकोप बाई : न करू देत, निकाल तोच राहतो. तू मात्र थांब हं. आता तुझ्या वर्गातल्या ओक्तायची आई येईल, तिलाही जर्मन येत नाही, आणि तिलाही हेच सांगायचंय. तू किती छान सांगतेस!

निल्ग्युन : नको, बाई. ती रडेल. मग तुम्ही मला विचाराल, काय म्हणतेय ती.