मेलेल्याच्या परतभेटी

...आणि वर मलाच विचारतात, 'किंजीसान, तोंड पाडून का बसलात?' आता तुम्हीच सांगा, छापील पुस्तकात माणूस स्वतः मेल्याचं वाचतो, शेजारी म्हणतात 'काय सुंदर मेलात हो', मग त्याने काय पेढे वाटायचे? मेल्याचं दुःख नाही हो...

तुम्हाला सांगतो, लाट आली, बंदर गेलं, होड्या गेल्या, उरलेसुरले आम्ही टेकडीवरच्या शाळेत, आणि मी पळताना वाळवलेल्या वाकामेचं, म्हणजे आमच्या समुद्रातल्या भाजीचं पोतं पाठीवर टाकलं होतं, त्याचंच सूप गावाला पाजलं. पुढे तोक्योहून आसाबा नावाचे लेखक आले, गावाच्या मदतीसाठी कथासंग्रह काढायचा, माणुसकी, आशा, वगैरे वगैरे. माझ्या पत्र्याच्या खोलीत बसून बायकोच्या हातचं लोणचं चापलं, डोळे पुसत सगळं ऐकलं... आणि कथेत काय? तर म्हातारा किंजी शेवटची वाटी दुसऱ्याला देतो आणि गारठून मरतो! अहो, पहिली वाटी मीच प्यालो होतो. मीठ बघायला नको?

बरं, नाव तरी बदलावं! घरी वाचकांच्या उदबत्त्या यायला लागल्या, पुड्यावर पुडे. आणि आमच्याकडे मेलेल्यासाठी कुणी उदबत्ती पाठवली, की घरच्यांना परतभेट पाठवायलाच लागते. बायको म्हणाली, लोकांत तोंड दाखवायचंय आपल्याला. म्हणजे मरायचं मी, आणि वाकामेच्या पुड्या बांधायच्या त्याही मीच! चिठ्ठ्या माझ्याच हातच्या, 'आपल्या उदबत्तीने दिवंगतांना समाधान लाभले असेल.' दिवंगत शिंकून शिंकून बेजार!

तरी मेल्याचं दुःख नाही. आसाबांना फोन लावला. ते म्हणाले, "मी गावच्या सभेत विचारलं होतं हो. कुणी गेल्याशिवाय गोष्ट उभी राहीना, तर तोकुझोसाननी तुमचं नाव सुचवलं."

तोकुझो! तीस वर्षं एका होडीत आम्ही, त्याच्या हातात दोर देऊन मी डोळे मिटून पाण्यात उतरायचो... आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, ज्यांना मी सूप वाढलं त्यांनी! तिथे मात्र लागलं हो मला, फार लागलं. तडक गेलो. म्हटलं, "मीच का रे?"

तर जाळं विणता विणता म्हणतो, "दुसरा कुणी मेला असता, तर लोक रडले असते का?"

घ्या! याला स्तुती म्हणायचं की खून?

बरं, खरं सांगून टाकावं, तर त्याच पुस्तकावर गावाचं सभाघर उभं राहिलंय. वाचकांची बस आली की मला निरोप येतो, 'जरा आत बसा.' आत बसून मी खिडकीच्या फटीतून बघतो, तर तोकुझो माझ्या आठवणी सांगतोय, आणि रडतोय, खरंच रडतोय लेकाचा! जिवंतपणी कधी एक शब्द चांगला बोलला नाही.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात ना? काल तोकुझो आला. दुसरा भाग काढतायत, त्यातून गावाला होडी घ्यायचीय, कुणीतरी मरायला हवं. म्हटलं, मी तर मेलोय. म्हणाला, "नाव बदलून मर. नवा माणूस कशाला? तुला सवय आहे."

म्हटलं, मरतो बाबा. होडी तर हवीच. पण या खेपेला परतभेटी तू पाठवायच्या.

म्हणाला, "नको. चिठ्ठीवर तुझंच अक्षर बरं दिसतं."

ऊन चांगलं पडलंय... वाकामे वाळत घातलीय.