कुंकवाचे बोल्ट

आमी मूळचे पुनावळ्याचेच, हायवेच्या आधीचे, म्हंजे आता जिथं ते टॉवर उभे हायेत ना तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं. शाळा चौथीपातुर. मग भोसरीला पत्र्याच्या कामाला लागलो आन् पत्र्यातच म्हातारा झालो. बढाई म्हणा पायजे तर, पण डोळे मिटून अंगठा फिरवला की पत्रा कुठं चढलाय, कुठं बसलाय ते मी सांगायचो. आमच्या शॉपात क्वालिटीवाल्यांना आमी सासू म्हणायचो, कारण केलेल्या कामाला चांगलं म्हणायचं त्यांना ठावंच न्हाई. आन् नशीब बघा, पोरानं बायको केली ती चाकणला कंपनीत क्वालिटीला! हळदीच्याच दिवशी मी म्हणलं, संतोषा, लेका सून सांगून सासू आणलीस की रं घरात. सगळे हसले, ती बी हसली. वैशाली तिचं नाव.

संतोषला इमानाचं याड. सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन उडवायला शिकला, लायसन काढलं, आन् एक दिवस म्हणतो कसा, आबा, दुसऱ्याचं किती दिवस उडवायचं, आपलं आपण बांधू. नकाशे त्यानं परदेशातनं मागवले. गुरं गेल्यापासनं गोठा रिकामाच व्हता, तिथं मांडलं. दोन माणसांचं, इवलंसं. गावातली माणसं दारात येऊन म्हणायची, काय आबा, म्हैस कधी उडणार? मी म्हणायचो, तू शेपटीला धर, तुला बी नेतो.

पत्रा कापायचा, रिबिटांनी जोडायचा, सगळं माझ्या हातानं; काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यातलं ते खरं सुख. पण घरी बांधलेलं इमान असंच उडवता येत न्हाई. ते तपासायला, त्याची निगा राखायला, उडायला लायक हाय म्हणून सही करायला पास झालेला माणूस लागतो. मी म्हणलं, मीच हाय की, बांधलं मी, तपासीन बी मीच. हवाई खात्याचे साहेब येऊन बघून गेले, रिबिटांवर हात फिरवला, म्हणले काका, काम झकास, पण परीक्षा इंग्रजीत लिहावी लागती. मी म्हणलं, इमान काय इंग्रजी वाचून उडतं व्हय? ते हसले, पण न्हाई ते न्हाईच.

मग वैशाली म्हणली, मामा, मी बसते परीक्षेला. पुस्तकं तिची, हात माझा. शिफ्टवरनं आली की पदर खोचून गोठ्यात यायची आन् मी तिला शिकवायचो, रिबीट बसलं का न्हाई ते नखानं कसं बघायचं, पत्रा दमलाय ते आवाजावरनं कसं ओळखायचं. पास झाली तेव्हा आळीभर पेढे मीच वाटले. माझीच परीक्षा पास झाल्यागत फिरत व्हतो.

खंडेनवमी आली. हत्याराची पूजा आमी कधी चुकवली न्हाई. मी इमानाला हार घातला आन् दिसंल त्या बोल्टला कुंकवाचा टिपका लावला, एक बी सोडला न्हाई. दसरा झाला आन् वैशाली पहिल्या तपासणीला आली, साहेब बी संगं आलेले. पंख जिथं अंगाला जोडतो तिथं बघितलं, थांबली, आन् फडकं घेऊन कुंकू पुसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, कुंकू पुसतीस?

ती म्हणली, मामा, बोल्ट पुरा आवळला की आपण लाल रंगाचा टिपका देतो. आता सगळेच लाल. आवळलेला कुठला, राहिलेला कुठला, कसं कळायचं? आन् तिनं पाना लावला तर त्यातला एक हातासरशी फिरला. तो मी मुद्दाम ढिला ठेवलेला, पंख परत काढायचा व्हता म्हणून. आज बी तेच सांगतो. पण साहेबाच्या देखत फिरला ना तो. मी म्हणलं, कुंकू पुसणारीचा हात माझ्या इमानाला नको.

ती रडली न्हाई. म्हणली, माझ्या कुंकवाचा धनी ह्यात बसणार हाय मामा, म्हणून पुसती. सगळे बोल्ट सोडून परत आवळू, मग सही करीन.

एका सकाळचं काम व्हतं हो. दोघांनी मिळून चहा प्यायच्या आत निम्मं झालं असतं. पण मी म्हणलं, माझा आवळलेला बोल्ट कुणी सोडायचा न्हाई. संतोष मधी उभा, खाली मान घालून. तिनं फडकं घडी करून ठेवलं आन् सही न करता घरात गेली. संतोष मागनं म्हणला, दुसरा माणूस आणतो आबा. त्याला बी मी न्हाईच म्हणलं.

पुढं दोघं तळेगावला राह्याला गेली. भांडून न्हाई, तिला काम तिकडं जवळ म्हणून, असं म्हणायचं. ती आता दुसऱ्यांची घरी बांधलेली इमानं तपासती, लांबनं लांबनं बोलावणी येत्यात. सणाला येती, पाया पडती, मामा गोळ्या घेताय ना, विचारती. गोठ्याचं नाव ती बी काढत न्हाई, मी बी न्हाई. ये पोरी, सोड ते बोल्ट, असं म्हणायचं कितींदा ओठांवर येतं आन् मी आपला म्हणतो, जेवून जा. आन् आता म्हणून तरी काय, संतोषनं लायसनची मुदत संपली तरी पुन्हा काढलं न्हाई. विचारलं तर म्हणतो, हौस फिटली आबा. आपलं इमान न उडवताच कशी फिटली, ते मी इचारत न्हाई.

चुकलो असं माझ्या तोंडनं निघायचं न्हाई, ते हाडच तसलं. पण देवापुढं बसलो की एवढं म्हणतो, ती पोरगी जिथं सही करंल, तिथनं उडालेला माणूस सांजच्याला घरी जेवायला बसू दे. आमचं राहिलं, ते राहिलं.