काशिरामचं खाकरणं

...आणि वर मलाच म्हणतो, "तुझ्याच दुकानातून आवाज येतोय!" आता तुम्हाला सांगतो, माझं दुकान हार्डवेअरचं. खिळा कधी खाकरतो का? बिजागरी एक वेळ कुरकुरेल, पण तीही दाराला लागल्यावर, डब्यात बसून नाही. पण हरेशला कोण सांगणार? पनवेलात, कामोठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, माझ्या भिंतीला भिंत लावून त्याचं वर्कशॉप. दिवसा सुतारकाम आणि संध्याकाळी हळदीत बेंजो. आणि बेंजो असा वाजवतो की रुसून बसलेले मामासुद्धा मांडवात येऊन नाचतात. त्याचं सगळं दैवत म्हणजे ती दहा बोटं! झोपताना त्यांना खोबरेल लावतो, सुपारी फोडायची तरी दुसऱ्याला सांगतो, आणि असा हा माणूस तीच बोटं रोज सकाळी नेऊन कशाखाली घालतो? तर माइटर सॉच्या पात्याखाली!

माइटर सॉ म्हणजे काय, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. टेबलावर एक लोखंडी हात, हाताला थाळीएवढं दातेरी पातं. बटन दाबायचं, हात खाली ओढायचा, की लाकडाचा कोपरा असा तिरका कापला जातो की फ्रेमचा सांधा शोधून सापडत नाही. हे मशीन जासईच्या काशिरामचं. काशिरामने दाढेला तंबाखू धरून वीस वर्षं कंटेनरच्या यार्डात लाकडी खोकी बनवली आणि दहाच्या दहा बोटं घेऊन सरणावर गेला. त्या धंद्यात हे किती जणांना जमतं, विचारा एकदा. त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, मशीन हरेशच्या हवाली केलं आणि एवढंच म्हणाली की, यांच्या पद्धतीनं चालव.

आता काशिरामची पद्धत काय? आपला हात पात्यापासून वीतभर लांब. तुकडा आखूड असला तर हाताने धरायचा नाही, क्लॅम्पने आवळायचा. पात्यात काही अडकलं तर आधी बोर्डातली पिन उपटायची, मग बोट घालायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कापून झाल्यावर बटन सोडायचं आणि मशीनचा हात तसाच खाली दाबून उभं राहायचं. काशिराम सांगायचा, "बटन सोडलं म्हंजे मशीन थांबलं नाय. पातं थांबलं म्हंजे थांबलं." किती वेळ लागतो? पाच-सात सेकंद! एवढं साधं आहे हो! पण हरेशला पाच सेकंद म्हणजे चातुर्मास.

तर पहिल्याच दिवशी, भर दुपारी, बाहेर रिक्षांची वर्दळ, याने फ्रेमची पट्टी कापली, बटन सोडलं, पातं अजून गरगरतंय, आणि याने तुकडा उचलायला हात घातला... तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं.

वळून बघतो तर कुणी नाही! भुसा, फळ्या, पंखा. तो थेट माझ्याकडे आला, काऊंटरखाली वाकून बघून गेला. दुसऱ्या दिवशी क्लॅम्पचा कंटाळा केला, चार बोटांचा तुकडा चिमटीत धरला, आणि परत कुणीतरी खाकरलं. तंबाखू खाणारी माणसं खाकरतात तसं, दोनदा आखूड आणि एकदा लांब. तिसऱ्या दिवशी शर्टाची बाही खाली लोंबत होती, बटन दाबायच्या आधीच खाकरलं! आणि त्या दिवशी मी तिथे होतो. टेप परत मागायला गेलो होतो. मी माझ्या कानांनी ऐकलं. मशीन बंद, पिन अजून भिंतीवर टांगलेली, आणि आवाज पात्याच्या मागून आला.

मी म्हटलं, हरेश, अरे तू बरोबर काम करतोस तेव्हा हे कधी खाकरतं का? त्याने विचार केला. नाही म्हणाला. मग मी म्हटलं, बाबा रे, फुकटचा सुपरवायझर मिळालाय, पाया पड आणि बाही वर कर. तर पांढराफटक पडून मला काय म्हणतो?

"म्हंजे तो बघतोय."

झालं! जेवण सुटलं. हळदीत बेंजो वाजवताना ताल चुकायला लागला. कामोठ्याच्या समीक्षा मॅडमची वास्तुशांत तोंडावर आलेली, त्यांच्या देवघराची चौकट अर्धवट राहिलेली, त्या फोनवर फोन करतात, आणि हा फोन माझ्या हातात देतो. शेवटी त्याने उरणकडचा एक भगत आणला. भगताने अंगारा फुंकला, लिंबू उतरवलं आणि लाल दोरा घेऊन मशीनला सात वेढे घातले. कुठे घातले? तर पात्यावर जे झाकण असतं ना, गार्ड, मशीनचा हात वर गेला की आपोआप खाली उतरून पातं झाकणारं, त्याच्याभोवती! गार्ड वरच्या वर आवळून टाकलं, दोऱ्याच्या टोकाला लिंबू लोंबतं सोडलं, आणि सांगून गेला, आता इथे काही नाही. खरंच नव्हतं हो. जो होता त्याला हाकलला, आणि जे झाकण होतं ते बांधून ठेवलं!

मी हरेशला दोरा सोडायला सांगितलं. हरेश म्हणाला, पौर्णिमेपर्यंत सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप एकदम शांत. शांत म्हणजे कसं, घरातला म्हातारा माणूस गावाला गेल्यावर असतं तसं. हरेश खूश. गॉगल कपाळावर, डोळे उघडे. पट्टी कापली. बटन सोडलं, सोडल्याबरोबर मशीनचा हात वर घेतला, गार्ड उतरलंच नाही, पातं उघडं, पूर्ण जोरात गरगरतंय, आणि याचा डावा हात सवयीने तुकड्याकडे निघाला. मी दारात उभा, समोरून बघतोय. वीतभर... चार बोटं... दोन बोटं...

आणि कुणीतरी खाकरलं.

हात जागच्या जागी थांबला. त्याच क्षणी दोऱ्याचं टोक पात्यात गेलं, लिंबू खेचलं गेलं, त्याची उभी दोन शकलं झाली, एक भिंतीवर आपटलं, दुसऱ्याचा रस हरेशच्या डोळ्यांत. जिथे लिंबू कापलं गेलं ना, तिथे पुढच्या क्षणाला त्याची बोटं असणार होती. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, कशाला खोटं बोलू?

पण मी समोरून बघत होतो म्हटलं ना? मागून कुणी खाकरलं नव्हतं. ओठ हरेशचे हलले होते. दोनदा आखूड, एकदा लांब. आणि हरेशने जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

त्याने दोरा काढला, गार्ड मोकळं केलं आणि तडक जासईला गेला, मला ओढत. चंद्रावती अंगणात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. आता काय नि कसं सांगावं म्हणून हरेश दारात उभा राहून नुसता खाकरला. तिने वळून बघितलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आलात? बसा, च्या ठेवतंय."

हरेशने माझ्याकडे बघितलं, मी चपलांकडे बघितलं. मग गेला आणि बसला. काय करणार?

आता बरं चाललंय. पातं थांबेपर्यंत तो उभा राहतो, दर कापाला खाकरतो, समीक्षा मॅडमची चौकट वेळेत गेली, बेंजो पुन्हा ठेक्यात आला. जासईला दर रविवारी चहाला जावं लागतं, तेवढं एक. मी विचारलं, हरेश, अरे हा आवाज तुझा नाही, तुला काही वाटत नाही? तर दहा बोटं माझ्यासमोर नाचवून म्हणाला, "असू दे रं. बेंजोवाल्याला गळा कुठं लागतो?"