लिंबाने पेटलेला डाग

हॅलो?

हॅलो… कोण, मावशी? हो, मीच, इराईस. अगं हळू बोल. ओरडू नकोस, ऐकू येतंय मला.

रक्त? कुणाचं रक्त?

तुझं? कुठे लागलं?… रडू नकोस, आधी सांग, दुखतंय का?… दुखत नाहीये. मग कापलं कशाने?… बरं, जखम कुठे आहे ते तरी बघ. हात पुसून बघ ना… पुसलास? मग?

थांबतच नाहीये.

मावशी, मला पहिल्यापासून सांग. तू काय करत होतीस?

हो… हो, आईला जाऊन आज नववा दिवस, माहीत आहे मला… हो, संध्याकाळी बायका येणार प्रार्थनेला… अंगण झाडलंस, बरं केलंस. मग?

आईच्या शेडमध्ये गेलीस.

हो, निवडुंगाचे फडे टांगलेत तिथे… बुरशी आली होती? पांढरी?… आणि ती तू घासून काढलीस. हातांनी. बादलीत बुडवून बुडवून.

सगळ्या फड्यांवरची?

…

आहे, आहे मी. फोन नाही कटला. जरा बसले, एवढंच. इथे संग्रहालयाच्या पायरीवर.

अगं, ती बुरशी नव्हती. किडे होते ते. किरमिजाचे… आईनेच पाळले होते. हो, पाळले होते! तू कोंबड्या पाळतेस तसे. चिरडले की लाल रंग निघतो. तुझं रक्त नाहीये ते, तुला काही झालेलं नाही… विषारी कसले? तुझ्या लिपस्टिकमध्ये तेच असतात… थुंकू नकोस मावशी! इतकी वर्षं लावतेयस, काही झालं का?

तुला कुठून माहीत असणार? वेराक्रूसला तुमच्याकडे समुद्र आणि मासे. निवडुंगावर पांढरं दिसलं की कुणीही पुसायलाच जाईल.

माद्या गं सगळ्या. रंग माद्यांतच असतो. नराला पंख फुटतात, तो उडून जातो… हो! 'तुझ्या बापासारखा.' आई तुलाही सांगायची?

हसलीस. बरं झालं.

चित्रासाठी पाळले होते. शेवटच्या… हो, तेच, जे व्हायचं राहिलं… नाही, मी चिडले नाहीये. खरंच नाही. आवाज असाच झालाय हल्ली.

पिकले होते ते, मावशी. आई म्हणाली होती, मी नसले तर तू चिरड. रोज सकाळी शेडमध्ये जायचे, बघायचे आणि परत यायचे. म्हणायचे, अजून थोडे फुगू देत. म्हणून तर आज इथे आलेय. संग्रहालयाच्या बेलेमबाईंना सांगायला, की प्रदर्शनात आईची ती भिंत रिकामीच ठेवा.

काय? हात कशाला पुसलास?

दोरीवरच्या चादरीला.

पांढरी, जुनी… कोळशाने काहीतरी काढलेलं… मावशी, ते काहीतरी म्हणजे आई आहे. त्याच चित्रासाठी ती चादरीवर आडवी झाली होती, मी भोवतीने रेघ ओढली. मान झुकलेली दिसतेय बघ डावीकडे? झोपताना झुकायची तशी…

रडू नकोस. ऐक ना. डाग कुठे पडलाय?

खांद्याच्या खाली… कुठल्या खांद्याच्या?

मोकळी जागा आहे तिथे? रेघच नाही?

थांब. थांब जरा… काय केलंस? लिंबू चोळलंस?

आणि भडक झाला!

नाही, हसतेय मी. रडतही असेन, काय माहीत. अगं आईही लिंबूच पिळायची त्यात. लिंबाने तो रंग पेटतो. तू तिच्यासारखंच केलंस सगळं, फक्त तिला शिव्या देत देत.

आता हातात काय आहे तुझ्या?… ब्लीच? खाली ठेव ती बाटली. आत्ता. झाकण लाव… लावलंस? लांब ठेव… चादर खराब झालेली नाहीये. माझं ऐक.

त्या जागेचं सांगते. तिथला स्तन काढला होता तिचा. ती जागा मला रेखू दिली नाही तिने. म्हणाली, रंग पिकला की बघू काय करायचं ते.

तुला आठवतं, ऑपरेशननंतर तू भेटायला आलीस? ती बटणं काढायला लागली, तर तू म्हणालीस, 'झेनायदा, थंडी बाधेल, घाल ते'… अगं दोष नाही देत मी. तीही नंतर हसली. म्हणाली, 'ओब्दुलियाने लहानपणी मला न्हाऊ घातलंय, आता तिला बघवत नाही.' आणि म्हणाली, 'तिचे हात कायम गरम असतात.'

…

मावशी? आहेस ना?

बादलीतलं पाणी फेकलंस?… नाही? अजून लाल आहे? मग असं कर, फोन स्पीकरवर टाक आणि स्टुलावर ठेव. लिंबू उरलंय ना, ते पीळ बादलीत. दोन्ही हात बुडव… घाबरू नकोस, काही बिघडत नाही.

आता त्या डागावर हात ठेव… पुसायचा नाही, नुसता ठेवायचा. शेजारी दुसरा… हो. दाबू नकोस. तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो ना, तसा.

रडू दे. हात मात्र काढू नकोस.

एक मिनिट हं… बेलेमबाई! भिंत रिकामी नको ठेवायला. हो, येतंय चित्र. नावं दोन लिहा, झेनायदा आणि ओब्दुलिया… हो, बहीण.

तुझंच नाव, मग कुणाचं?… वेराक्रूसला कळलं तर कळू दे. 'नागडं चित्र' म्हणतील, तूही तेच म्हणायचीस. तिच्या एकाही प्रदर्शनाला आली नाहीस, आता स्वतःच्याच तरी ये!

संध्याकाळपर्यंत पोचते मी. बायकांना लाल हातांनीच गरम चॉकलेट प्यायला दे, कुणी विचारलं तर सांग, बहिणीचा रंग आहे.

बरं मावशी, ठेवते… अगं तू नको काढूस! मी फोन ठेवते म्हटलं. तू हात ठेव.