बोला, पण कुजबुजू नका

...आणि वर डॉक्टरबाई मलाच म्हणतात, "काका, बोला, पण कुजबुजू नका!" अहो, म्हणजे काय? न्हाव्याला सांगायचं, कात्री चालव, पण केस कापू नकोस! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी नाटकात प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसतो, मांडीवर संहिता, हातात एवढीशी बॅटरी, आणि नट अडला की हळूच वाक्य पुरवतो. म्हणजे काय करतो? कुजबुजतो! दुसरं येतंय काय मला? लोक गाऊन नाव काढतात, भाषणं ठोकून काढतात, मी कुजबुजून... नाव नाही काढलं, जाहिरातीत ते कधी आलंच नाही, पण निदान आवाज तरी होता. तोही महिन्यापूर्वी बसला. असा बसला की उठायचं नावच घेईना!

आधी झाले ताईचे उपाय. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारच्याच जिन्यात राहते. "मध चाट. आलं चघळ. आणि सारखा खाकरत राहा, घसा मोकळा होईल." मी खाकरतोय, खाकरतोय... खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले, स्कूटर घरात दुरुस्त करताय का? शेवटी गेलो घशाच्या डॉक्टरबाईंकडे. माझ्या पहिल्या नाटकाच्या वेळी जन्मल्याही नसतील. त्यांनी नाकातून एक बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोर पडद्यावर माझा गळा! आयुष्य पडद्यामागे काढलं, आणि पडद्यावर आलो तो हा असा.

"हे तुमचे स्वरतंतू, काका." बघतो तर दोन पांढुरक्या घड्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या! म्हटलं, एवढ्याशा? "एवढ्याशाच. खालून फुप्फुसातली हवा येते, या दोघी जवळ येऊन थरथरतात, सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा. तो आवाज. त्याचे शब्द करायचं काम मग जीभ आणि ओठ करतात." सेकंदाला सव्वाशे! आणि आमच्या मंडळीत तालमीची खुर्ची उचलायची तर सव्वाशे वेळा सांगावं लागतं!

"खाकरणं बंद. खाकरलं की या एकमेकींवर आपटतात." घ्या! ताईचा उपाय गेला. "जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळतं. पाणी भरपूर. धूर नको, धूळ नको." बाई, विंगेत धुळीशिवाय असतं काय? "काम काय करता?" म्हटलं, दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासतो, तिथे कोणी बोलत नाही. "आणि घरी?" घरी... आमची ही गेल्याला दोन वर्षं झाली. म्हटलं, घरी त्याहून नाही. बाई म्हणाल्या, "मग हा आवाज वापरता तरी कुठे?"

"कुजबुजण्यात!"

अहो, टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या! "तेच तर! जोर लावून कुजबुजलं की स्वरतंतू आवळले जातात, मधून हवा घासत जाते, सगळं कोरडं पडतं. सूज आलीच आहे, असंच चाललं तर गाठी होतील. दोन महिने ओरडायचं नाही, कुजबुजायचं नाही. समोरच्याशी बोलतो तसं साधं बोलायचं. रोज थोडं मोठ्याने वाचा. बोला, पण कुजबुजू नका!"

आणि प्रयोग कधी? येत्या रविवारी!

आता सरकारचं सांगायला हवं. सरकार म्हणजे आमचा नायक. तरुणपणी राजाचं काम केलं, तेव्हापासून सगळे त्याला सरकार म्हणतात, अरे-तुरे करणारा मी एकटा. चाल काय, नजर काय, आवाज काय! फक्त दोन वर्षांपासून पाठांतर... साफ. एक वाक्य डोक्यात राहत नाही. मी देतो, तो बोलतो, मी देतो, तो बोलतो, आणि लोक म्हणतात, वा, काय विचार करकरून बोलतो हो! हे ठाऊक फक्त आम्हा दोघांना. दिग्दर्शक पोरगी आहे, हुशार आहे, तिला कळलं की सरकार घरी. आणि नाटकाशिवाय तो माणूस घरी बसला, तर पुन्हा उठायचा नाही. दुसरा प्रॉम्प्टर बसवावा, तर त्याला कळणार. करायचं काय?

गेलो मेकअपच्या खोलीत. म्हटलं, "अरे, मला कुजबुजायची बंदी झालीय."

"शू! हळू बोल!"

"हळू बोलायचीच बंदी आहे!"

"मग मी काय करू?"

"पाठ कर."

असा बघितला माझ्याकडे, जसं काही मी त्याचं मूत्रपिंड मागितलं!

बरं, मी रोज संध्याकाळी घरात तेच नाटक मोठ्याने वाचायला लागलो. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, घरात कोण भांडतंय?" म्हटलं, मीच. "आणि ती रडणारी मुलगी?" तीही मीच. ताई म्हणाली, "चालू दे. बरं वाटतं रे, तुझ्या घरातून आवाज आला की."

रविवार उजाडला. सरकारने चार दिवस डोकं आपटून पहिला अंक पाठ केलेला. निभावला! दुसरा अंक. मुलगी बॅग घेऊन दारात, दूरच्या गावी नोकरीला निघालेली, बाप तिला अडवून उभा. आता त्याने म्हणायचं, "जा. अडवून कोणी थांबतं का?" आणि सरकार बंद! घड्याळ बंद पडतं ना, तसा. एक सेकंद... दोन... मुलगी दाराची कडी कुरवाळतेय... सरकारने हळूच विंगेकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, ती नजर! माझ्या घशापर्यंत कुजबुज आली होती हो, आणि कानात बाईंचा आवाज, बोला, पण कुजबुजू नका... म्हटलं, बरं, बोलतो!

"जाऊ दे तिला. अडवून कोणी थांबतं का?"

साधं बोललो, म्हणून 'जा'चं 'जाऊ दे तिला' झालं. समोरच्याशी बोलतो तसं. पण विंगेला लागूनच भिंतीवर नायकाच्या दिवंगत वडिलांची तसबीर टांगलेली, आणि आवाज आला तो थेट तसबिरीतून! सरकार मुरलेला गडी, सावकाश वळला, तसबिरीकडे बघितलं, डोळ्यांत पाणी... "बाबा... तुम्ही?" अहो, हे संहितेत कुठेच नाही! मग काय, बाबा सांगतायत, मुलगा म्हणतोय, "हो बाबा, अडवून कोणी थांबतं का!" पुढचा अख्खा अंक बाबांनी ओढून नेला. पडदा पडला तो टाळ्यांवर!

दिग्दर्शक पोरगी धावत विंगेत आली. म्हटलं, आता दोघांचा निकाल. तर म्हणते, "काका! सुचलं कसं तुम्हाला? काय जागा काढलीत! सरकार, हे आधी का नाही बोललात?" सरकार घाम पुसत म्हणाला, "रंगभूमीवर काही गोष्टी घडून जातात, बेटा." वाचला! मीही वाचलो, असं मला वाटलं.

कसला वाचतोय? पुढच्या प्रयोगापासून तिने बाबांना तसबिरीतून खाली उतरवलं! मला खोटी दाढी, अंगावर शाल, स्टेजच्या मधोमध आरामखुर्ची. संहिता? "काका, दिवंगत माणसाच्या हातात पुस्तक कसं चालेल?" आता तीस वर्षं माझं काय झालंय, वाक्यं डोळ्यांतून शिरतात आणि तोंडातून बाहेर पडतात, वाटेत डोक्यात उतरतच नाहीत! दुसरा अंक. मुलगी दारात. माझ्यावर दिवा. मी तोंड उघडलं... आणि कोरा कागद!

सरकारने बघितलं. स्वतःचं एक वाक्य ज्याला येत नाही, त्या माणसाला माझी सगळी पाठ! शाल सारखी करायचं निमित्त करून तो माझ्या कानाशी वाकला आणि हळूच कुजबुजला. पण सरकारची कुजबुज ती... जन्मभर नाट्यगृह भरायला कमावलेला आवाज! मी शब्द जुळवतोय तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "अहो बाबा, म्हणा की आता, आम्हाला ऐकू आलं!"

मग काय, म्हटलं.