पाठवणीचा फोटो

शांती नगरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात सरोजाबाई पासपोर्ट फोटोसाठी थांबल्या होत्या. पुढे एक नवराबायको लग्नांच्या कामासाठी कॅमेरा निवडत होते.

"अहो, एकच नवा कॅमेरा घ्या ना, झूम लेन्सवाला."

"नको. जुने दोन घेऊ, लेन्स साधी चालेल."

"दोन कशाला?"

"मानसीच्या लग्नात एकच कॅमेरा होता, त्यात रीळ फिरलंच नाही, मी आपला फ्लॅश मारतोय. दुसऱ्या कुणाच्या घरी असं नको व्हायला."

"तुमची सख्खी बहीण ती. समजून घेईल."

"सांगितलंय कुठे? बाबा गेल्यापासून रोज विचारते, दादा, पाठवणीला बाबांनी मला जवळ घेतलं, तो फोटो कधी धुऊन येणार?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"लॅबमध्ये गर्दी आहे म्हणतो."