येडा मामा

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर मायलेकी होत्या. डॉक्टरीणबाईंना दाखवून झालं होतं, आता गोळ्या मिळायच्या होत्या.

“वैभवी, ते काय खा म्हणे वं डॉक्टरीणबाई? येडा मामा?”

“एडामामे, आई.”

“तेच म्हणून राहिली मी.”

“सोयाबीनच्या हिरव्या शेंगा असतात. जपानात खातात. कोलेस्ट्रॉलसाठी चांगल्या, प्रोटीन बी भेटते.”

“सोयाबीन? ते तर आपण कळमन्याले नेऊन इकतो. खाते कोण?”

“बेशाच्या मॉलमधी पाकिटात भेटते. मिठाच्या पाण्यात उकडायच्या, दातानं दाणे ओढायचे अन् टरफल फेकून द्यायचं.”

“कच्च्या खाल्ल्या तर?”

“कच्च्या नाही चालत. पोट बिघडते.”

“महादेव बी असंच सांगे.”

“कोण, कन्हानवाला मामा?”

“मंग. रानडुकरं हाकलाले वावरात जाये, तं धुऱ्याच्या बांधावर चूल मांडून ह्याच शेंगा उकडून खाये. सारं गाव हासे. ढोराचं खाते म्हणे. तुह्या बापानं तं नावच पाडलं होतं त्याचं.”

“काय नाव?”

“येडा.”

“मंग तू काही म्हटलं नाही बाबाले?”

“मी काय म्हणू? मी बी हासो.”

“अन् आता डॉक्टरीणबाई तुले तेच खा म्हणते.”

“लाव वं त्याले फोन.”

“आत्ता? काय सांगू?”

“पिशवीभर शेंगा घेऊन ये म्हणा. अन् हे बी सांग, का डॉक्टरीणबाईनं तुहं नाव घेऊन सांगतलं.”